बेडकांच्या समूहांतली जनुकीय विविधता कशी मोजायची: डबक्यापासून निष्कर्षापर्यंत

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला की रात्री भातखाचराच्या बांधावर दोघांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं, इतका बेडकांचा गलका असतो. तो ऐकून वाटतं, इथे बेडकांना काय तोटा! पण गलक्यावरून फार तर संख्येचा अंदाज येतो. ओरडणारे शेकडो नर मागच्या दोन-तीन पावसाळ्यांतल्या मोजक्या माद्यांचीच पिल्लं असतील, तर तो समूह वरून भरलेला आणि आतून रिकामा असतो. नवा रोग आला किंवा पाऊस महिनाभर लांबला, तर तग धरायला लागणारी जनुकीय शिल्लक त्याच्याकडे नसते. ही शिल्लक मोजायचं साधन म्हणजे जनुकीय मार्कर, म्हणजे बेडका-बेडकागणिक बदलणारी डीएनएमधली ठरावीक जागा.

हा लेख मी प्रामुख्याने एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि लहान महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी लिहितो आहे. प्रयोगशाळेतल्या पायऱ्या कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये मिळतात. चुका मात्र बहुतेक वेळा त्याच्या खूप आधी, डबक्याकाठी झालेल्या असतात, आणि पुढे कितीही महागडं मशीन वापरलं तरी त्या निस्तरत नाहीत. म्हणून शेतातल्या कामावर मी जास्त वेळ घेणार आहे.

आधी प्रश्न ठरवा, मग जात

'अमुक बेडकाची जनुकीय विविधता' हा प्रश्न नव्हे, तो प्रबंधाचा मथळा झाला. प्रश्न असा हवा: कोकणातल्या खाचरांतले बेडूक आणि घाटमाथ्यावरचे बेडूक यांच्यात अजून जनुकांची देवघेव होते का? किंवा, गावाच्या दोन्ही अंगांना असलेल्या तळ्यांच्या मधल्या जागेत वस्ती वाढली, तर दोन्हीकडचे समूह वेगळे पडले का? इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात सामान्य बेडकावर नेमका हाच प्रश्न विचारला गेला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शहरातल्या तळ्यांमधले समूह एकमेकांपासून तुटलेले आणि विविधतेत कमी पडलेले दिसले, तळ्यांमधलं अंतर फारसं नसतानाही.

शिकण्यासाठी जात नेहमी मुबलक असलेलीच घ्यावी. आंबोली टोड हा प्राणी २००९ साली शास्त्राला नव्याने कळला. तो आंबोलीच्या परिसरातल्या कातळांवर राहतो आणि नष्ट होण्याचा सर्वाधिक धोका असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. त्याच्यावर हात बसवायला जाऊ नये, ते काम अनुभवी गटांचं आहे. खाचरात, रस्त्याकडेच्या चरात, सड्यावरच्या पाण्यात सगळीकडे दिसणारे मिनर्वारिया गटातले छोटे बेडूक सुरुवातीला उत्तम. त्यांच्यात एक मोठा फसवा भाग आहे, त्याकडे पुढे येतो. या लेखात उदाहरण म्हणून कोकण ते घाटमाथा असा, याच गटातल्या एका जातीचा अभ्यास समोर धरू.

परवानग्या

हे काम जूनमध्ये सुरू केलंत तर तो पावसाळा गेला म्हणून समजा. आदल्या दिवाळीलाच कागद हलले पाहिजेत. वनक्षेत्रात नमुने घ्यायचे तर राज्याच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या कार्यालयाची परवानगी लागते. जिवंत प्राणी हाताळणार म्हणून संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी. नमुने किंवा डीएनए परदेशी सहकाऱ्याकडे पाठवायचा विचार असेल, तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. खाचर खासगी असेल तर शेतकऱ्याला आधी भेटा, काय करणार ते सांगा. रात्री अकरा वाजता अनोळखी माणसं टॉर्च घेऊन बांधावर फिरताना दिसली की कुणीही घाबरतं.

किती बेडूक, किती ठिकाणं, आणि कोणते

मायक्रोसॅटेलाइट मार्कर (त्यांची ओळख पुढे येते) वापरणार असाल तर प्रत्येक ठिकाणाहून २५ ते ३० प्रौढ बेडूक धरा. एवढ्यांत त्या समूहातली अलीलांची, म्हणजे एकाच मार्करच्या वेगवेगळ्या रूपांची, वारंवारता पुरेशी नेमकी कळते. त्याहून वाढवायला वेळ असेल तर बेडूक वाढवण्याऐवजी ठिकाणं वाढवा. आठ ठिकाणी तीस-तीस हे तीन ठिकाणी ऐंशी-ऐंशीपेक्षा केव्हाही चांगलं. ठिकाणं फक्त दोन टोकांना ठेवू नका, मधलीही घ्या. नुसता रत्नागिरीचा सडा आणि नुसता घाटमाथा घेतला, तर सापडलेला फरक घाटाच्या भिंतीमुळे आहे की निव्वळ अंतरामुळे, हे कधीच सुटं करता येणार नाही. पायथ्याची, घाटातली आणि माथ्यावरची, शिवाय सपाटीवरचीच पण एकमेकांपासून तितकीच दूर असलेली ठिकाणं हवीत.

आता सगळ्यांत महागात पडणारी चूक. भैकेर, म्हणजे बेडूकमासे, पकडायला सोपे. एका डबक्यातून गाळणीच्या दोन फेऱ्यांत चाळीस मिळतात. मी सुरुवातीच्या एका पावसाळ्यात हेच केलं. विश्लेषणात एक डबकं बाकी सगळ्यांपासून इतकं वेगळं निघालं की आम्हाला वाटलं, काहीतरी मोठं हाती लागलंय. नंतर नातेसंबंध तपासले तर त्या डबक्यातले बहुतेक भैकेर दोनच जोड्यांची सख्खी भावंडं होती. सगळा 'वेगळेपणा' दोन कुटुंबांचा होता. तो अख्खा हंगाम वाया गेला. म्हणून शक्यतो प्रौढच घ्या. भैकेर घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर एका डबक्यातून एकच, फार तर दोन, आणि डबकी अनेक. प्रौढांमध्येसुद्धा ओरडणारे नर पटकन सापडतात, म्हणून नुसते नरच गोळा होतात. माद्या मुद्दाम शोधा. दोघांचा फिरण्याचा पल्ला सारखा असेलच असं नाही.

नमुना घेण्याची पद्धत

पूर्वी सर्रास बोटाचं टोक कापत. बोट कापलेले बेडूक पुन्हा सापडण्याचं प्रमाण पहिल्यानंतरच्या प्रत्येक बोटामागे सुमारे ४ ते ११ टक्क्यांनी घटतं, असं २००४ सालच्या एका विश्लेषणात दिसलं. ते वाचल्यापासून मी शक्य तिथे तोंडातला फाया घेतो, म्हणजे फायाने तोंडातल्या पेशी टिपतो. ही पद्धत उभयचरांवर २००३ पासून वापरात आहे आणि दोन सेंटिमीटरच्या पुढच्या बेडकाला ती जमते. त्याहून लहान बेडकाचं तोंड उघडायचा हट्ट धरू नये, जबडा दुखावतो. तिथे त्वचेवरून फाया फिरवावा. अगदीच नाइलाज झाला तर एकाच बोटाचं टोक, निर्जंतुक कात्रीने.

क्रम असा. नायट्रिलचे पावडर नसलेले हातमोजे घाला आणि ते साध्या स्वच्छ पाण्याने भिजवून घ्या. कोरड्या मोज्याने बेडकाची ओली कातडी ओढली जाते. बेडूक मुठीत घेताना मागचे पाय सरळ धरा, पोटावर दाब नको. गोल कडेची पातळ प्लास्टिकची पट्टी जबड्याच्या कोपऱ्यातून, समोरून नव्हे, हलकेच सरकवली की तोंड आपसूक किंचित उघडतं. बारीक टोकाचा निर्जंतुक फाया आत घालून गालाच्या आतून आणि जिभेखालून दहा-पंधरा सेकंद गोल फिरवा. घासू नका. रक्त दिसलं तर तुमचा हात जड पडतोय. फायाचं टोक लायसिस बफर (पेशी फोडणारा द्राव) असलेल्या नळीत मोडून टाका आणि नळी बर्फाच्या पेटीत ठेवा. ऊतीचा तुकडा असेल तर ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल, तुकड्याच्या किमान दहापट, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, कारण ऊतीतलं पाणी उतरून इथेनॉल पातळ होतं.

सोडण्याआधी पाठीचा, पोटाचा आणि मागच्या पायाच्या पडद्याचा फोटो. शरीराची लांबी, नर की मादी, वेळ, जीपीएस. ओरडताना सापडला असेल तर आधी अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड केलेला असावा. जिथे धरला तिथेच सोडा, दहा पावलं पलीकडेसुद्धा नाही.

लेबलाबद्दल. 'पर्मनंट' मार्कर पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. नळी जरा पाझरली की बाहेरचा आकडा गायब. जाड कागदाच्या बोटभर चिठ्ठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून ती नळीच्या आत टाका. तोच क्रमांक वहीत आणि फोटोत हवा. पावसात भिजलेल्या वहीचा रोज रात्री मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणि स्वच्छता. उभयचरांचा कायट्रिड बुरशीचा संसर्ग उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्येही आढळला आहे, त्याची नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली. तो एका डबक्यातून दुसऱ्यात नेणारे आपणच असू शकतो. प्रत्येक बेडकाला नवा हातमोजा. प्रत्येक ठिकाणाहून निघताना गमबुटांचा चिखल ब्रशने काढून ब्लीचच्या पाण्यात बुडवणं, नंतर साध्या पाण्याने धुऊन वाळवणं. हे रात्री एक वाजता, भिजलेल्या अंगाने, कंटाळा आलेला असतानाही करायचं. जमणार नसेल तर एका रात्री एकच ठिकाण करा.

खरंच एकच जात आहे का?

पश्चिम घाटातल्या बेडकांच्या बाबतीत ही पायरी गाळली तर पुढचं सगळं कोसळतं. इथे एकसारख्या दिसणाऱ्या जाती शेजारी शेजारी राहतात. इंडिराना या बेडकांच्या गटात वरून न दिसणारी विविधता केवढी आहे, हे २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. २०१४ मध्ये रॉर्चेस्टिस या झुडपी बेडकांच्या नऊ नव्या जातींचं वर्णन झालं, तर २०१७ मध्ये रातबेडकांच्या सात. मिनर्वारिया तर या गोंधळाचं माहेरघर. एकाच खाचरात दोन जाती ओरडत असतात आणि हातात घेतल्यावर दोन्ही तपकिरी, सुरकुतलेल्या पाठीच्या.

म्हणून सगळ्या नमुन्यांवर आधी मायटोकॉन्ड्रियातल्या १६एस या जनुकाचा, डीएनएच्या सुमारे ५५० अक्षरांचा तुकडा वाचून घ्या. त्याचे प्रायमर (नेमका तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) जवळपास सगळ्या उभयचरांवर चालतात आणि हा तुकडा उभयचरांचा बारकोड म्हणून २००५ पासून सुचवला गेला आहे. आलेला अक्षरांचा क्रम जेनबँक या खुल्या संग्रहातल्या क्रमांशी ब्लास्ट या शोधसाधनाने ताडून पाहा, पण तिथलं नाव डोळे झाकून घेऊ नका. जुन्या नोंदींत चुकीच्या ओळखी भरपूर आहेत. तुमच्याच नमुन्यांत ३ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त फरक असलेले दोन गट पडले, तर थांबा. ३ टक्के ही सीमारेषा नाही, धोक्याची घंटा आहे. आवाजाचं रेकॉर्डिंग काढा, फोटो काढा, दोन गट वेगळे करा आणि पुढचं विश्लेषण एकाच गटावर करा.

मार्कर कोणता

१६एस, सायटोक्रोम बी यांसारखे मायटोकॉन्ड्रियातले मार्कर स्वस्त आणि जुना इतिहास सांगणारे. हजारो-लाखो वर्षांपूर्वी समूह कुठे तुटले, हे ते दाखवतात. पालघाटच्या ३०-४० किलोमीटर रुंद खिंडीसारख्या जुन्या अडथळ्यांसाठी ते योग्य. पण ते फक्त आईकडून येतात. नर हिंडत असतील आणि माद्या जागच्या जागी असतील, तर या मार्करमध्ये फरक दिसेल आणि प्रत्यक्षात देवघेव चालू असेल.

आपल्या प्रश्नाला, म्हणजे अलीकडच्या काही पिढ्यांतल्या हालचालीला, मायक्रोसॅटेलाइट अजूनही पुरतात. हे डीएनएमधले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, 'जीएटीए-जीएटीए-जीएटीए' असे. किती वेळा आले त्यावरून अलील ठरतो. १० ते १५ चांगले लोकस, म्हणजे डीएनएवरच्या अशा जागा, हव्यात. जवळच्या जातीसाठी बनवलेले प्रायमर आधी आठ-दहा नमुन्यांवर चालवून पाहा, निम्मे चालले तरी नशीब. दोन अक्षरी पुनरावृत्तीपेक्षा चार अक्षरी निवडा, मोजताना चूक कमी होते.

एसएनपी, म्हणजे एकेका अक्षरातले हजारो फरक, हा आजचा मार्ग आहे आणि त्यात ठिकाणामागे बेडूक कमी लागतात. पण त्याला भरपूर आणि अखंड डीएनए लागतो, तो फायातून क्वचितच मिळतो. बेडकांचा जीनोम बहुधा मोठा असतो, त्यामुळे सीक्वेन्सिंगचा खर्चही वाढतो. निधी आणि संगणक जाणणारा माणूस, दोन्ही असतील तरच तिकडे जा.

प्रयोगशाळा

इथे थोडक्यात. प्रोटीनेज-के (प्रथिनं तोडणारं विकर) टाकून ५६ अंशांवर रात्रभर, मग डीएनए वेगळा करणारं कॉलम किट. प्रत्येक तुकडीत एक नळी नमुन्याविना चालवा. तिच्यात पट्टा दिसला तर अख्खी तुकडी बाद, 'फिकट आहे, चालेल' असं म्हणायचं नाही. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया, ३०-३५ चक्रांचा, जोडणीचं तापमान प्रत्येक प्रायमरला आजमावून. मायक्रोसॅटेलाइटच्या एका प्रायमरला रंगीत चकाकणारा टॅग लावून तुकड्यांची लांबी कॅपिलरी मशीनवर मोजून घ्या. हे काम बाहेरच्या प्रयोगशाळेकडे दिलं तरी आलेखातली शिखरं स्वतः वाचा. मुख्य शिखराआधी छोट्या शिखरांची उतरंड येते, तिला अलील समजू नका. दोघांनी स्वतंत्र वाचून ताडून पाहावं, आणि किमान १० टक्के नमुने पुन्हा पहिल्यापासून चालवून चुकीचं प्रमाण काढावं. तो आकडा प्रबंधात लिहा.

आकडे हाताने एकदा तरी करून पाहा

सॉफ्टवेअर बटण दाबताच उत्तर देतं, म्हणून आधी कागदावर. समजा, एका खाचरातल्या ३० बेडकांत एका लोकसवर १५२ आणि १५६ लांबीचे दोन अलील मिळाले. १५२/१५२ असे १४, १५२/१५६ असे ८, १५६/१५६ असे ८. एकूण अलील ६०. त्यांत १५२ किती? १४ दुणे २८ आणि ८, म्हणजे ३६. वारंवारता ०.६. दुसऱ्याची ०.४. मुक्त संकर होत असेल तर मिश्र, म्हणजे दोन्ही अलील असलेले, बेडूक २ × ०.६ × ०.४ = ०.४८, म्हणजे ३० पैकी १४.४ असायला हवेत. मिळाले ८. काय-वर्ग (मिळालेले आणि अपेक्षित आकडे किती दूर, याचं माप) काढला तर ५.९ च्या वर येतो, मर्यादा ३.८४. म्हणजे मुक्त संकरात अपेक्षित असलेला हा समतोल, हार्डी-वाइनबर्ग समतोल, बिघडलेला आहे.

बहुतेक विद्यार्थी इथेच 'अंतःप्रजनन' असं लिहून मोकळे होतात. घाई करू नका. मिश्र बेडकांची ही तूट तीन कारणांनी येऊ शकते. प्रायमर बसतो त्या जागीच बदल झाल्याने एक अलील दिसतच नसेल, तर त्याला नल अलील म्हणतात. तो बहुधा एखाद-दुसऱ्या लोकसवरच तूट दाखवतो, आणि काही बेडकांत तो लोकस अजिबात वाढत नाही. तूट जवळपास सगळ्या लोकसवर सारखी असेल तर अंतःप्रजननाची शक्यता खरी. आणि तूट बऱ्याच लोकसवर आहे पण कमी-जास्त, तर तुम्ही नकळत दोन समूह एकत्र मोजलेत. आपल्या बेडकांत हे तिसरं कारण आधी तपासावं. १६एस आधी करायचं ते याचसाठी.

आता दोन ठिकाणांतला फरक. पहिल्या खाचरात त्या अलीलची वारंवारता ०.६, दुसऱ्यात ०.२. आतली अपेक्षित विविधता अनुक्रमे ०.४८ आणि ०.३२, सरासरी ०.४०. दोन्ही एकत्र केले तर वारंवारता ०.४ आणि विविधता ०.४८. फरक भागिले एकूण, ०.०८ / ०.४८ = ०.१७. हाच एफएसटी. शून्य म्हणजे दोन्हीकडे सारखंच, जितका मोठा तितके समूह तुटलेले. अलील फार असलेल्या मार्करवर एफएसटी एकच्या जवळ जाऊच शकत नाही, म्हणून सोबत जोस्टचा डी हे फरकाचं दुसरं माप द्या.

विविधता सांगताना अलीलांची नुसती संख्या देऊ नका. ३० बेडकांच्या ठिकाणी १२ बेडकांच्या ठिकाणापेक्षा जास्त अलील मिळणारच. सगळ्यांना सर्वांत लहान नमुन्याच्या पातळीवर आणून मोजलेली अलील समृद्धी द्या. आर भाषेतले एडीजेनेट आणि हिअरएफस्टॅट हे पॅकेज मोफत आहेत आणि हे सगळं करतात.

गट पाडताना आणि अर्थ लावताना

जनुकांवरून बेडकांचे गट पाडणारं स्ट्रक्चर हे सॉफ्टवेअर २००० पासून वापरात आहे आणि त्याचा गैरवापरही तेव्हापासूनच. चालवण्याआधी सख्खी भावंडं काढून टाका. गटांची संख्या १ पासून सुरू करा, प्रत्येक संख्येला किमान दहा फेऱ्या. लोक डेल्टा-के नावाच्या मापाने 'योग्य' संख्या ठरवतात, पण ते माप १ हे उत्तर देऊच शकत नाही. खरोखर सगळे बेडूक एकाच समूहातले असतील, तरी ते दोन किंवा तीन म्हणेल. त्यामुळे संभाव्यतेचा मूळ आलेखही पाहा.

दुसरा सापळा अंतराचा. अंतरासोबत फरक हळूहळू वाढत असेल आणि मधली ठिकाणं घेतलेली नसतील, तर सॉफ्टवेअर तुम्हाला दोन टोकांचे दोन सुबक गट काढून देईल. म्हणून मँटेल चाचणीने अंतर आणि फरक यांचा संबंध आधी पाहा. आणि घाटात अंतर म्हणजे नकाशावरची सरळ रेषा नव्हे. बेडूक ओल्या घळीतून, ओढ्याकाठाने सरकतो, उघडा कडा चढत नाही. ओढ्यांच्या वाटेने मोजलेलं अंतर वापरून पाहा, चित्र बरेचदा बदलतं.

रस्त्यांविषयी विशेष सावधगिरी. दहा वर्षांपूर्वी रुंद झालेल्या महामार्गाच्या दोन्ही बाजूंचे समूह एफएसटीत सारखेच निघाले, तर 'रस्त्याचा परिणाम नाही' असं लिहू नका. समूह मोठे असतील तर फरक साठायला बऱ्याच पिढ्या लागतात. दहा पावसाळे त्याला पुरत नाहीत. डांबरावर चिरडलेले बेडूक मोजा, ते आजचं सांगतात. जनुकं कालचं सांगतात.

नंतर

क्रम जेनबँकमध्ये जमा करा, मायक्रोसॅटेलाइटची मूळ तक्ती खुली करा. दुर्मीळ जातीचे नेमके जीपीएस मात्र प्रसिद्ध करू नका, गावाच्या पातळीपर्यंतच थांबा. बेडूक विकत घेणारे लोकही शोधनिबंध वाचतात. निकाल वनविभागाला द्याच, शिवाय त्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला मराठीत दोन पानं लिहून द्या, म्हणजे लोकजैवविविधता नोंदवहीत ती जातील. कोणतं डबकं बुजवू नये, हे तिथल्या माणसांना कळलं पाहिजे.

उरलेला डीएनए टाकू नका. प्रत्येक नळीवर वर्ष, गाव आणि क्रमांक लिहून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा आणि यादीची छापील प्रत विभागात ठेवा. तुम्ही संस्था सोडून गेल्यावरही ती सापडली पाहिजे. वीस वर्षांनी कुणी त्याच खाचरात उतरून तीस बेडकांचा फाया घेईल, तेव्हा त्याला तुलनेसाठी लागतील त्या याच नळ्या.